थेंबाचा जबाब

पोलीस ठाण्यात मला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : "हे पाणी हाय का शेंबूड?"

टेबलावर आमचं दैनिक पसरलं होतं. पहिल्या पानावर खाली उजवीकडे माझं दोन कॉलमी चित्र, आणि हवालदारांचं बोट त्या चित्रातल्या एका थेंबावर. ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब. काढताना मी पेन टेकवलं आणि उचललं, एवढंच. त्या थेंबावर मी त्या दिवशी पावणेतीन तास बोललो आणि दीड पान लिहून दिलं.

साल १९९३, महिना मे. पण त्या लाकडी खुर्चीपर्यंत मी कसा पोचलो हे सांगितल्याशिवाय त्या दीड पानात मी काय घाण करून ठेवली ते कळायचं नाही.

माझा हात कलाशाळेत बसला असं लोकांना वाटतं. तो बसला भिंतींवर. माझे थोरले मामा आमच्या तालुक्याच्या गावात बोर्ड रंगवायचे. 'आज रोख उद्या उधार', दुकानांची नावं, ट्रकच्या मागची कमळं आणि गरुड, असली कामं. १९७७ ची लोकसभेची निवडणूक लागली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आणीबाणी अजून पुरती उठलीही नव्हती. मामांनी दोन्ही बाजूंच्या भिंती घेतल्या. सकाळी बाजारपेठेत काँग्रेसची गाय-वासरू, दुपारी कोष्टी गल्लीत जनता पक्षाचा चक्रातला नांगरधारी शेतकरी. चुन्याचा हात मी मारायचा, आकृती मामा काढायचे. चार दिवसांनी वासरू माझ्याकडे आलं, आठवड्याने नांगर आला. मामांचा नियम एकच होता : "यष्टीतनं जाणाऱ्याला दिसलं पायजे." चालत्या गाडीच्या खिडकीतून, अक्षर न ओळखणाऱ्या म्हातारीला, एका नजरेत. वासराच्या पाठीवर मी हौसेने ठिपके काढले तेव्हा मामांनी काही न बोलता त्यावर चुना फिरवला.

त्याच गल्लीतल्या न्हाव्याच्या दुकानात 'मार्मिक' यायचा. १३ ऑगस्ट १९६० ला यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते तो सुरू झाला, म्हणजे माझ्याच वयाचा. बाळ आणि श्रीकांत, दोघे ठाकरे बंधू त्यात चित्रं काढायचे. मधल्या पानांवरची 'रविवारची जत्रा' पाहायला मी केस वाढायची वाट पाहत नसे. त्या कुंचल्यातून पुढे एक पक्ष निघाला, आणि त्यावर ज्याचं त्याचं मत आहे, माझंही आहे. पण आजही ती जुनी चित्रं समोर आली की राजकारण बाजूला ठेवून मी कोटाच्या सुरकुत्या पाहत बसतो. बसलेल्या पुढाऱ्याचा कोट नेमका कुठे ताणतो, हे बाळासाहेबांना ठाऊक होतं. डेव्हिड लो या ब्रिटिश व्यंगचित्रकाराची चित्रं पाहून त्यांचा हात तयार झाला. आर. के. लक्ष्मणही लोचेच भक्त. लहानपणी लक्ष्मण ती सही 'काऊ' अशी वाचायचे, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. पुढे हे दोघं मुंबईत 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये एकाच वेळी कामाला होते. त्या खोलीतल्या शाईच्या दौतीला काय काय ऐकावं लागलं असेल, असं मला नेहमी वाटतं.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत मला प्रवेश मिळाला नाही. लक्ष्मणांनाही जे. जे.ने नाकारलं होतं, आणि नंतर तिथेच पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ही गोष्ट मी घरी इतक्या वेळा सांगितली की शेवटी आई म्हणाली, "अरे, ते पुढं लक्ष्मण झाले. तुझं काय?" मी कोल्हापूरला शिकलो. तिथल्या आमच्या एका सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं की अर्कचित्र म्हणजे मोठं नाक नव्हे. माणसाच्या चेहऱ्यात काय जास्त आहे ते सगळ्यांनाच दिसतं, काय कमी आहे ते बघ. कुणाला मान नसते, कुणाला वरचा ओठ नसतो. इंदिराबाईंचं नाक आणि केसांतला पांढरा पट्टा कुणीही काढील. त्यांची हनुवटी कशी मागे जाते हे ज्याने पाहिलं त्याच्या इंदिराबाई बाई वाटतात, बाकीच्यांच्या पोपट वाटतात.

१९८१ मध्ये मी आमच्या जिल्ह्यातल्या एका दैनिकात चिकटलो. चित्रामागे पंधरा रुपये. छपाई खिळ्यांची, म्हणजे धातूची अक्षरं जुळवून. चित्र छापायचं तर त्याचा ब्लॉक करावा लागे, आणि ब्लॉकमेकर कोल्हापूरला. चित्र काढायचं, दोन पुठ्ठ्यांत घालून सुतळी बांधायची, सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं. ब्लॉकमेकरचा पोरगा स्टँडवर येऊन ते घ्यायचा. तिथे मोठ्या कॅमेऱ्यावर निगेटिव्ह निघायची, ती जस्ताच्या पत्र्यावर उतरायची आणि पत्रा नायट्रिक ॲसिडात जायचा. रेषेखालचं जस्त शिल्लक राहायचं, बाकीचं ॲसिड खाऊन टाकायचं. मग पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून रात्रीच्या गाडीने परत. दर चौरस इंचावर. त्यामुळे आमचे संपादक आधी इंच विचारायचे आणि मग विषय.

ॲसिडाला नाजूक रेषेचं वावडं. केसासारखी रेष काढली की ती अर्धी गायब होऊनच परत यायची. छाया दाखवायला बारीक जाळी विणली तर न्यूजप्रिंटवर शाई पसरून काळा डाग. तीन महिन्यांत मी जाळी सोडली, क्रोक्विलची बारीक निब सोडली, दोन नंबरचा ब्रश आणि जाड निब धरली. वाचक पुढे म्हणायचे की तुमची रेष फार ठाम आहे हो. ठामपणा ॲसिडाचा होता. मी फक्त जे उरेल तेवढंच काढायला शिकलो.

या सगळ्या वाऱ्या-वरातीत माझं चित्र बातमीच्या एक-दोन दिवस मागे असायचं. १९८२ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. पुढचा मुख्यमंत्री कोण यावर चहाच्या टपरीपासून मंत्रालयापर्यंत पैजा. मी हुशारी केली. ज्यांची नावं चालली होती त्या तिघांची तीन चित्रं करून तीन ब्लॉक आधीच मागवून ठेवले. संपादकांनी चौरस इंचाचा हिशेब करून कपाळाला हात लावला, पण दिले पैसे. दिल्लीहून नाव आलं बाबासाहेब भोसले. तिन्ही ब्लॉक वाया. त्यात बाबासाहेबांचा चेहरा माझ्या डोळ्यासमोर नव्हता आणि कार्यालयात त्यांचा फोटोही सापडेना. मी त्यांना पाठमोरं काढलं. खुर्चीकडे तोंड करून उभे, आणि खुर्चीच त्यांना विचारतेय, "आपण?" त्या चित्राचं फार कौतुक झालं. काय कल्पना, चेहराच नाही दाखवला! मी मान डोलवली.

१९८७ मध्ये ऑफसेट छपाई आली, ब्लॉकची गरज संपली आणि मी बातमीच्या बरोबरीने धावू लागलो. तेव्हापासून जी दिनचर्या लागली ती तीस वर्षं सुटली नाही. सकाळी पाच-सहा वर्तमानपत्रं. अकरा वाजता एक विषय पक्का करायचा. दुपारी झोप काढल्यासारखं पडायचं. घरचे म्हणायचे, हे झोपतात आणि पैसे मिळतात. चार वाजता पहिली कल्पना यायची आणि ती मी टाकून द्यायचो, कारण पहिली कल्पना त्याच वेळी राज्यातल्या सगळ्या व्यंगचित्रकारांना आलेली असते. बुडती नाव, खुर्चीची रस्सीखेच, सापशिडी. पुढे १९९५ ला युतीचं सरकार आल्यावर सगळ्यांच्याच चित्रांत रिमोट कंट्रोल आला. तो तर बाळासाहेबांनी स्वतःच बोलून दाखवला होता, म्हणजे मूळ कल्पना ज्याच्यावर टीका करायची त्याचीच. दुसरी कल्पनाही बहुतेक वेळा टाकायची. तिसरी पाचच्या सुमाराला. फिक्या निळ्या पेन्सिलीने रेखाटन करायचं, कारण तो निळा कॅमेऱ्याला दिसत नाही आणि खोडत बसावं लागत नाही. मग काळी वॉटरप्रूफ शाई. चुकलं तर पोस्टर व्हाइट. सव्वासहाला चित्र संपादकांच्या टेबलावर, सातला पेस्टिंगला. डाक आवृत्ती आठला सुटायची आणि पानाला व्यंगचित्रकाराची दया येत नाही.

तर १९९३. आमच्या गावात चौथ्या दिवशी पाणी यायचं. त्याच उन्हाळ्यात नगरपालिकेने इमारतीसमोर कारंजं बांधलं, रंगीत दिव्यांचं. उद्घाटन नगराध्यक्षांच्या हस्ते. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. तात्यांचं नाक म्हणजे देवाने व्यंगचित्रकारांसाठी केलेली सोय. वरून सरळ यायचं आणि टोकाला एकदम खाली वळायचं. नळासारखं. पंधरा वर्षं चेहरे काढून हात एवढा तयार झाला होता की तात्यांना नळ करायला मला विचारही करावा लागला नाही. कारंज्यापुढे बायकांची घागरींची रांग, रांगेच्या टोकाला तात्या, त्यांच्या डोक्यावर चावी फिरवायचं चाक, आणि नाकाच्या टोकाशी एक थेंब. खाली ओळ नाही. शि. द. फडणीसांची शब्दांवाचूनची चित्रं पाहून एक शिकलो होतो, की ओळ लिहायची तेव्हा चित्राला काहीतरी झालेलं असतं.

चित्र छापून आलं, गावात हसू झालं. दुसऱ्या दिवशी पाच-पन्नास कार्यकर्ते ठाण्यावर. झालं होतं असं की पंधरा दिवसांपूर्वी तात्यांच्या नाकाचं मिरजेला ऑपरेशन झालं होतं. सायनसचं. मला याचा पत्ता नव्हता. तक्रार अशी की साहेबांच्या आजारपणाची टिंगल केली, भावना दुखावल्या. म्हणून तो प्रश्न. पाणी की शेंबूड.

"पाणी," मी म्हणालो.

"तसं लिवून द्या."

जबाब लिहायची एक भाषा असते, ती हवालदारांनीच सांगितली. 'समक्ष विचारलेवरून जबाब लिहून देतो की, सदर चित्रातील इसमाचे नाक हे नळासारखे दाखविले असून त्यामधून पडणारा थेंब हा पाण्याचा आहे. शहरात चौथे दिवशी पाणी येत असल्याने सदरचा थेंब एकच दाखविलेला आहे.' इथपर्यंत मलाही मजा वाटत होती. 'सदर थेंब' लिहिताना तर मी हसलो. चहा आला. हवालदार माणूस चांगला होता, घरी त्याच्याकडेही चौथ्या दिवशीच पाणी येत होतं.

मग त्याने विचारलं, "सदर इसम कोण?"

चित्रात नाव नव्हतं. मी गप्प बसलो. तात्या आहेत असं लिहिलं तर तक्रारदाराच्या हातात कागद. तात्या नाहीत असं लिहिलं तर? ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं अर्कचित्र होतं. मागे जाणारं कपाळ, नसलेली मान, तो नळ. आठ वर्षांच्या पोराने सांगितलं असतं कोण ते. आणि मी लिहायचं की हे ते नव्हेत?

माझी अडचण पाहून हवालदारांनी मार्ग दाखवला. "लिवा की. कुणाशी साम्य आढळल्यास तो योगायोग."

मी लिहिलं. 'सदर चित्रातील इसमाचे कोणाशीही साम्य आढळून आल्यास तो निव्वळ योगायोग आहे. वरील जबाब वाचून पाहिला, बरोबर आहे.' खाली सही केली. चित्राखाली करतो तीच सही. मूळ चित्र अर्जाला जोडायला मागितलं, तेही दिलं. दोन दिवसांनी दैनिकात तीन ओळींची दिलगिरी आली. ती संपादकांनी लिहिली होती, मला न विचारता. पण मला विचारायला मी होतो कुठे?

मला कुणी हात लावला नव्हता. अटक नाही, खटला नाही, घरावर दगड नाही. दोन कप चहा पाजला होता. १९७५ च्या डिसेंबरात, आणीबाणी ऐन भरात असताना, अबू अब्राहम यांनी राष्ट्रपतींना बाथटबमध्ये बसून वटहुकमांवर सही करताना काढलं आणि 'इंडियन एक्स्प्रेस'ने ते छापलं. ते चित्र मी कापून घरी भिंतीवर लावलं होतं. जबाब देऊन घरी आलो त्या रात्री ते काढून ठेवलं. बायकोने विचारलं, का काढलं? म्हटलं, भिंतीला ओल आली आहे.

त्यानंतरची दोन वर्षं मी वाईट चित्रं काढली. वाईट म्हणजे रेषेने नव्हे, रेष उलट सफाईदार झाली. पण चित्र सुरू करायच्या आधी मी मनात जबाब लिहू लागलो. 'सदर इसम कोण?' हा प्रश्न येणारच नाही अशी चित्रं. गांधी टोपी, सुटलेलं पोट, जाकीट, असा एक सर्वसाधारण पुढारी मी तयार केला. तो लाच घ्यायचा, आश्वासनं द्यायचा, खड्ड्यात पडायचा. खरं तर निम्मी राजकीय व्यंगचित्रं या टोपीवाल्यावरच चालतात. त्याला कितीही झोडा, कुणालाच लागत नाही. उलट पुढारी व्यासपीठावर त्या चित्राचं कौतुक करतात. आपण सोडून सगळे पुढारी असेच असतात हे त्यांनाही मान्य असतं. लक्ष्मणांचा चौकड्याच्या कोटातला सामान्य माणूस १९५१ पासून एक अक्षर न बोलता सगळं पाहत राहिला, पण तो ज्यांच्याकडे पाहायचा त्या मोठ्या माणसांना चेहरे होते. माझ्याकडे पाहणारा होता. ज्याच्याकडे पाहायचं तोच नव्हता.

यातून बाहेर काढलं ते एका चुकीने. आमच्या पेस्टिंग विभागात एक वयस्क गृहस्थ होते, पट्टीसारखे सरळ. सगळे त्यांना अण्णा म्हणत. एका संध्याकाळी गडबडीत त्यांनी आदल्या दिवशीचंच माझं चित्र पुन्हा चिकटवलं. पान तसंच गेलं. सकाळी अंक पाहून माझ्या पोटात गोळा आला. आता फोन येणार, पत्रं येणार, हसं होणार. दहा वाजले, अकरा वाजले. एक फोन नाही. आठवडा गेला. एक पोस्टकार्ड नाही. आमच्या संपादकांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. अण्णा संध्याकाळी येऊन हात जोडून म्हणाले, "साहेब, माझी चूक. पण आपला कालचा आणि परवाचा पुढारी मला एकच वाटला बघा."

दुसऱ्या दिवशी मी नव्या पालकमंत्र्यांचे कान काढले. नुसते कान, खऱ्या मापाचे, आणि त्यात अडकलेली माणसं. सहाला चित्र दिलं तेव्हा संपादक बराच वेळ पाहत बसले आणि म्हणाले, "हे कोण ते मी विचारत नाही." ते छापून आलं.

तरी आजार काढायचा नाही ही शिस्त मी तेव्हापासून पाळली, आणि त्याबद्दल मला त्या कार्यकर्त्यांचा राग नाही. २००४ मध्ये शरद पवारांच्या तोंडाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांना कसं काढायचं हा आम्हा सगळ्यांपुढे प्रश्न होता. मी जुनेच गाल काढत राहिलो. काही मित्र म्हणाले, हा खोटेपणा आहे, चेहरा आहे तसा काढ. असेल खोटेपणा. माणसाने स्वतः कमावलेलं तेवढं काढायचं, एवढंच मला समजतं.

पुढे दिवस बदलले. २०१२ च्या एप्रिलमध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला व्यंगचित्र नुसतं ई-मेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. सप्टेंबरात व्यंगचित्रकार असीम त्रिवेदीला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली आत टाकलं. पुढे ते कलम मागे घेतलं गेलं, आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की हिंसेला चिथावणी नसेल तर नुसती कडक टीका म्हणजे राजद्रोह नव्हे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, इंटरनेटवरच्या मजकुरावरून अटक करू देणारं कलम ६६ अ रद्द केलं. हे सगळं मी वाचायचो आणि मला माझं दीड पान आठवायचं. त्रिवेदीने वकील घेणार नाही, जामीन मागणार नाही असं सांगितलं होतं. त्याची चित्रं मला फारशी आवडत नाहीत, रेष कच्ची आहे. पण त्याने योगायोग असं लिहून दिलं नव्हतं.

२०१५ च्या २६ जानेवारीला लक्ष्मण पुण्यात वारले. २००३ मध्ये डाव्या अंगाला अर्धांगवायू होऊनही ते उजव्या हाताने काढत राहिले होते. ते वारले तेव्हा माझ्या उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. बारीक, चहाच्या कपावर दिसण्याइतका. जाड रेषेत तो लपायचा. ॲसिडाने शिकवलेलं असं उपयोगाला आलं. २०१८ मध्ये पानं कमी झाली आणि माझा कोपरा जाहिरातीला गेला. निरोपाला शाल, श्रीफळ, आणि माझंच एक चित्र फ्रेम करून. सही कापलेलं. ते त्यांनी व्हॉट्सॲपवरून घेतलं होतं.

गेल्या वर्षी मुलीने जुनी चित्रं स्कॅन करायला घेतली. नळाचं चित्र कुठाय, म्हणाली. मी ठाण्यावर गेलो. इमारत नवी, पोरं नवी. एका मुलीने, ती तिथली कारकून होती, रजिस्टर पाहून सांगितलं की एवढे जुने अर्ज नियमाप्रमाणे नाश केले जातात. मी बाहेर पडत होतो तर दारात तात्यांचा थोरला मुलगा भेटला, कसल्या तरी परवान्याला आला होता. मी कशाला आलो ते त्याने विचारलं, मी सांगितलं. दोन दिवसांनी त्याचा फोन. बाबांनी बोलावलंय.

तात्या आता अठ्ठ्याहत्तरचे. व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. मला पाहून म्हणाले, "या. योगायोग, या."

मी उभाच राहिलो.

"तुमचा जबाब वाचला होता मी त्या वेळी. फौजदारांनी दाखवला. मोर्चा पोरांनी काढला होता, मला कुठं विचारलं? पण जबाब वाचून मला राग आला बघा. नाक माझंच होतं की ओ. गावात दुसऱ्या कुणाला हाय असलं नाक?"

"तुमचंच होतं," मी म्हणालो. तीस वर्षांनी, आणि पोलीस नसताना.

"मग मला ते चित्र पायजे."

मी सांगितलं, नाश झालं.

"मग परत काढा. आत्ता. मी बसतो." आणि त्यांनी मान एका बाजूला वळवली, फोटोला बसतात तशी. नातीची वही आणि स्केचपेन आणून दिलं. माझा हात कापत होता, पण वयाने नाक लांबतं, खाली येतं. नळ आता पूर्वीपेक्षा सोपा झाला होता. कपाळ आलं, नसलेली मान आली. चाक आलं. टोकाशी आल्यावर मी थांबलो.

"तात्या, थेंब काढू?"

"काढा की. पण खाली लिवा, आता पाणी रोज येतं म्हणून."

मी पेन टेकवलं. मग विचारलं, "रोज येतं?"

तात्यांनी मान न हलवता डोळे फक्त माझ्याकडे वळवले.

"दिवसाआड," ते म्हणाले.